देठाचा चीक

निसर्गाशी ज्याचं नातं अतूट आहे त्याच्याच हातून खरी कला जन्माला येते, आणि ज्याचं नातं तुटलं त्याची कला निर्माल्य होते. हे वाक्य मासिकातून लिहिणाऱ्या श्रीपतरावांचं आहे. ते त्यांनी हैदराबादेत, भाड्याच्या घरात, डास येतात म्हणून खिडकी लावून घेऊन लिहिलं. खिडकीबाहेर एक कडुनिंब होता. त्याचा पाला गटारात पडून पाणी तुंबतं अशी तक्रार श्रीपतरावांनी घरमालकाकडे दोनदा केली होती.

वाक्य मात्र चांगलं होतं. ते ज्याच्यावरून सुचलं तो हणमंतप्पा बिदरकडच्या राजेश्वर गावचा. शेतकरी आणि एकताऱ्या करणारा.

हणमंतप्पाचं रान गावाच्या उगवतीला, काळी जमीन संपून तांबडा मुरूम सुरू होतो तिथं. मधून एक ओढा वाहायचा. आजानं आणि बापानं ह्याच रानात भोपळे लावले आणि त्याच भोपळ्यांच्या एकताऱ्या केल्या. लिंगायतांच्या मठात कानडी वचनं म्हणणाऱ्यांना एकतारी लागे आणि विठ्ठलाच्या देवळात अभंग म्हणणाऱ्यांनाही. हणमंतप्पा गिऱ्हाइकाशी कानडीत भांडे आणि मराठीत समेट करी. दोन्हींत त्याचं चांगलं चाले.

एकतारीचा भोपळा म्हणजे आपण भाजी करतो तो दुध्याच. फरक फक्त चवीचा. गोड वेलाचा भोपळा खायचा, कडू वेलाचा वाजवायचा. गोड भोपळा वाळवून एकतारी केली तर दोन पावसाळ्यांत त्याला कीड लागते आणि वचन रंगात आलं असताना गाणाऱ्याच्या मांडीवर भुगा सांडतो. कडू भोपळ्याला कीड तोंड लावत नाही. दिसायला मात्र दोन्ही वेल सारखेच. तेच पान, तोच तणावा, संध्याकाळी उमलणारं तेच पांढरं फूल. ओळखायचं ते जिभेनं. भोपळा तोडला की देठातून चिकाचा एक थेंब येतो. हणमंतप्पा तो जिभेच्या टोकावर घेई, डोळे मिटी, थुंके आणि सांगे. तो कधी चुकल्याचं गावाला आठवत नव्हतं.

बापानं त्याला दोन नियम घालून दिले होते. गोड वेल ओढ्याच्या अलीकडं, कडू पलीकडं, मध्ये निदान एका हाकेचं अंतर. आणि चीक चाखल्याशिवाय कुठलाही भोपळा चुलीपर्यंत जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या नियमाचं कारण उघड होतं. पहिल्याचं कारण बापानं सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या बापानं त्याला सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला फुलांवर पतंग येतात आणि ह्या फुलावरचे त्या फुलावर जातात, हे तिन्ही पिढ्यांनी रोज पाहिलं होतं. पण पतंग आणि नियम यांची गाठ घालून देणारं शिक्षण तेव्हा राजेश्वरात नव्हतं. श्रीपतरावांनी घेतलं होतं ते शिक्षण हैदराबादेत मिळे, आणि त्यातही पतंग होते, पण ते दिव्यावर जळणारे.

घर सगळं भोपळ्यांच्या सोयीनं चाले. माळवदावर भोपळे वाळत, म्हणून मिरच्या शेजारच्या राजूबाईच्या माळवदावर वाळत. श्रावण-भाद्रपदात हणमंतप्पा कुणाच्या बारशाला जात नसे, मर्तिकाला गेला तरी तिसऱ्या प्रहराच्या आत परते. भोपळा वेलावर सरळ लोंबावा म्हणून गवताची चुंबळ करून तो त्यात बसवी, आणि ऊन सगळीकडून लागावं म्हणून रोज थोडा फिरवी. बायकोच्या, चंद्रम्माच्या, हिशेबानं लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिला असं उन्हाच्या बाजूनं त्यानं एकदाही फिरवून पाहिलं नव्हतं. हे ती राजूबाईला सांगे आणि दोघी हसत.

माणसांनाही तो भोपळ्याच्याच मापानं मोजी. उद्धवराव पाटलांना तो घरात ‘गोड’ म्हणे. म्हणजे आतून किडणारा. दुकानदार चन्नबसप्पाला ‘कवळा’ म्हणे, म्हणजे टकटक केलं तरी काहीच न वाजणारा. आणि गावही सगळं त्याच्या जिभेनंच मोजी. नवी विहीर लागली की पहिलं पाणी हणमंतप्पाला. पेवातली जोंधळ्याची रास दमट वाटली की चार दाणे हणमंतप्पाला. पाटलांच्या विहिरीचं पाणी चैत्रात मचूळ होईल असं तो एकदा म्हणाला, आणि ते फाल्गुनातच झालं. उद्धवरावांनी त्याला जे काही ऐकवलं त्यावरून पाणी हणमंतप्पानंच बिघडवलं की काय असं वाटावं. पण पुढची विहीर खणली तेव्हा बोलावणं पुन्हा त्यालाच आलं.

सदतीस सालच्या हिवाळ्यात हणमंतप्पाला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस ताप, मग दोन महिने भिंत धरून चालणं. केस गेले ते परत आले. पायांतलं बळ निम्मं परत आलं. एक गोष्ट आलीच नाही.

ते प्रथम चंद्रम्माला कळलं. एका दुपारी तिनं पिठलं-भाकरी वाढली, आणि वाढून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की मीठ घालायचं राहिलंय. हणमंतप्पा निवांत जेवत होता.

“मीठ बराबर हाय का?” तिनं विचारलं.

“व्हय. बराबर हाय.”

तिनं मिठाचं मडकं पुढं ओढलं. मग म्हणाली, “टाकलंच न्हाई मी.”

हणमंतप्पानं घास चावून पुरा केला. पाणी प्याला. मग फक्त एवढंच म्हणाला, की गावात कुणाला बोलू नको.

बोलणं तिलाही परवडणारं नव्हतं. ज्या जिभेवर तीन गावांचं भजन चालत होतं ती जीभ आता नुसती बोलायच्या कामाची उरली होती. हे बाहेर पडलं असतं तर एकतारी घ्यायला राजेश्वरला कोण आलं असतं? कडू म्हणून घेतलेला भोपळा गोड निघाला हे दोन पावसाळ्यांनंतर कळतं, तोवर सगळा मामला विश्वासाचा. आणि हणमंतप्पाला दुसरं काही येत नव्हतं. नांगर धरायचं बळ तापानं नेलं होतं.

दोघांत ठराव असा झाला नाही, पण पद्धत पडली. भोपळा चंद्रम्मा तोडायची. नख लावून चीक आधी आपल्या जिभेला लावायची आणि मग भोपळा नवऱ्याला द्यायची. गोड असेल तर हातात. कडू असेल तर ताटात ठेवून. हणमंतप्पा चीक जिभेवर घेई, डोळे मिटी, थुंके आणि सांगे. पूर्वी तो चटकन सांगत असे, आता थोडा वेळ घेई. लोक म्हणत, वयानं माणूस खोल जातो.

पुढच्या श्रावणात श्रीपतराव आले. ते हैदराबादेत एका खात्यात नोकरीला होते. त्यांची सासुरवाडी बिदरजवळ मैलूरला, आणि तिथून कुणाच्या तरी सोबतीनं ते मठात श्रावणभर चालणारं पुराण ऐकायला राजेश्वरला आले होते. श्रीपतराव पुण्याच्या एका मासिकात निसर्ग आणि कला यांच्यावर लिहीत. त्या वर्षी हैदराबाद संस्थानात चार माणसं जमवून बोलायचं तर परवानगी लागे, लेख छापायचा तर चौकशी होई. निसर्गावर लिहायला परवानगी लागत नसे. त्यामुळं निसर्गप्रेमाला त्या दिवसांत मोठा बहर आला होता.

त्यांनी हणमंतप्पाला चीक चाखताना पाहिलं आणि ते गहिवरले. त्यांनी भोपळ्याला हात लावला, मातीला हात लावला, आणि रुमालानं हात पुसून वही काढली. चंद्रम्मा भोपळे कधी हातात देत होती, कधी ताटात देत होती. श्रीपतरावांनी ते टिपून घेतलं. ‘गृहिणीची मूक सेवा’ असा त्यांचा शेरा होता. ज्या जिभेवर त्यांनी पुढं चार पानं लिहिली ती तोवर मरून आठ महिने झाले होते.

जाताना त्यांनी एक कल्पना मांडली. गोड वेल ओढ्याच्या अलीकडं आणि कडू पलीकडं, हे त्यांना रुचलं नव्हतं. आयुष्यात गोड आणि कडू एकत्रच असतं, म्हणाले. पुढच्या साली दोन्ही वेल एकाच मांडवावर चढवा. मी फोटोवाला घेऊन येतो. एका मांडवाखाली गोड-कडू, मध्ये तुम्ही हातात एकतारी घेऊन. त्यांच्या डोळ्यांसमोर मासिकाचं मुखपृष्ठच उभं राहिलं होतं.

चंद्रम्मा आतून नवऱ्याला म्हणाली, “त्यांना सांगा की. एका मांडवावर लावत न्हाईत म्हणावं.”

“कामून लावत न्हाईत?” श्रीपतरावांनीच हसत विचारलं. त्यांना तिकडची बोली बोलून दाखवायला आवडे.

“आप्पांनी सांगून ठिवलंय,” आतून तिनं सासऱ्यांचा हवाला दिला.

“आणि आप्पांनी कामून सांगितलं?”

आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. हणमंतप्पानंही मान खाली घातली. कारण विचारलं की गप्प व्हावं लागतं असे नियम आपल्या समाजात फार आहेत, असं श्रीपतराव परतीच्या वाटेवर सोबत्याला म्हणाले. ते खरंच होतं.

हणमंतप्पानं बापाचा शब्द का मोडला याची दोन कारणं होती, आणि एकटं कुठलंच पुरेसं नव्हतं. एक, फोटो. दुसरं, पाय. ओढा ओलांडून दिवसातून दोनदा पलीकडं जाणं तापानंतर त्याला झेपत नव्हतं. रावसाहेब शिकलेले आहेत, ते म्हणतात तर काय बिघडतं, असं तो चंद्रम्माला म्हणाला. ती म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा.” मांडव ओढ्याच्या अलीकडं पडला.

त्या वर्षी काहीच बिघडलं नाही. गोड वेलाला गोड भोपळे आले, कडूला कडू. श्रीपतराव फोटोवाल्याला घेऊन आले. फोटोवाल्यानं काळं फडकं डोक्यावर घेतलं, आणि हणमंतप्पा इतका ताठ उभा राहिला की फोटोत एकतारीच त्याला धरून उभी आहेसं दिसतं. संध्याकाळी मांडवावर सगळी फुलं एकदम उमलली. पतंग आले. श्रीपतरावांनी ते दृश्य उभ्यानं पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘निसर्गात भेद नाही.’ चंद्रम्मानं त्यांना ताक दिलं. पुढच्या सालचं बी म्हणून गोड वेलावरचे दोन मोठे भोपळे तिनं चिंधी बांधून राखले.

वेलावरचा भोपळा गोड आहे म्हणजे त्यातलं बीही गोडच, असं त्या मुलखात सगळेच समजत. मध्ये हाकेचं अंतर होतं तोवर ते खरंही होतं.

लेख छापून आला. शाळेतल्या मास्तरांनी तो चावडीसमोर वाचून दाखवला. ‘ही जीभ नव्हे, ही धरित्रीनं आपल्या लेकराच्या मुखात ठेवलेली साक्ष आहे,’ इथं मास्तर थांबले आणि सगळ्यांनी हणमंतप्पाकडं पाहिलं. हणमंतप्पानं तोंड मिटून घेतलं. उद्धवराव म्हणाले, आता गड्याला जिभेला कुलूप घालावं लागणार. हशा झाला. पण त्या दिवसापासून गाव त्याच्याकडं नुसतं भोपळे आणि पाणी घेऊन येईना. भांडणंही आणू लागलं. जवळच्या मुडबीच्या बाजारातून एकजण तर सुनेच्या हातचं वरण घेऊन आला, त्यात काही घातलंय का बघा म्हणून. हणमंतप्पानं ते चाखलं, चंद्रम्मानं नुसता वास घेतला, आणि काही नाही असा निर्वाळा मिळाला. सून वाचली. हणमंतप्पा त्या दिवशी जेवला नाही. आपण आता वाट्टेल ते सांगितलं तरी लोक खरं मानतील, असं तो चंद्रम्माजवळ म्हणाला, आणि हे तो कौतुकानं म्हणाला नाही.

तिनं एकदा सुचवलंही. सांगून टाकावं गावाला. ताप आला, जीभ गेली, असं होतं माणसाचं. त्यानं मान हलवली. मासिकात आलेलं खोटं कसं करायचं, हा प्रश्न त्याला पडला. छापलेल्या गोष्टीला काही उत्तर असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

चाळीस सालच्या श्रावणात मठाच्या पुराणाची समाप्ती आली. समाप्तीला दासोह, म्हणजे गावजेवण. वेलाचं पहिलं फळ मठाला द्यायचं ही हणमंतप्पाच्या घरची रीत. पहिलं फळ घरात कुणी खात नाही, देठाच्या चिकापलीकडं चाखतही नाही. देवाला दाखवायच्या स्वयंपाकात मीठ-तिखट बघायलाही कुणी बोट बुडवत नाही. आणि पानात पडलेला प्रसाद टाकत नाहीत. जेवून झाल्यावर पान धुऊन ते पाणीही पितात. ह्या चार-पाच गोष्टी तिथं लहानपणापासून रक्तात मुरलेल्या असतात. एकेकटी घेतली तर एकीतही वावगं काही नाही.

श्रीपतराव समाप्तीला आले होते. भोपळे वेलावरून तोडून थेट मठात वाजतगाजत आणायचे आणि चीक सगळ्या गावासमोर चाखायचा, ही व्यवस्था त्यांची. चंद्रम्मा पहाटेपासून मठाच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. भोपळे कुणी तोडले, कधी तोडले, तिला कळलंच नाही. हलगी ऐकू आली तेव्हा ती पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

मठाच्या ओट्यावर पंधरा भोपळे ओळीनं मांडलेले होते. हिरवे, कोवळे, लव असलेले. स्वामी बसले होते, पाटील बसले होते, श्रीपतराव वही घेऊन बसले होते. हणमंतप्पानं पहिला भोपळा उचलला. तो त्याच्या हातात कुणी दिला नव्हता आणि ताटातही नव्हता. तो ओट्यावर होता.

त्यानं दाराकडं पाहिलं. चंद्रम्मानं हात थोडे वर केले. त्यांना पीठ लागलं होतं.

हणमंतप्पानं चीक जिभेवर घेतला. डोळे मिटले. थुंकला. बी गोड वेलाचं होतं, चंद्रम्मानं स्वतः चिंधी बांधून राखलेलं. गोडाचा वेल गोडच असणार. पंधराही भोपळे त्यानं एकामागून एक चाखले, प्रत्येकाला सारखाच वेळ दिला.

“गोड हाय,” तो म्हणाला.

हलगी वाजली.

भाजी शिजली. चिरणाऱ्या बायांच्या हातांना वास वेगळा आला असेल, पण वासावरून बोलायचं काम त्यांचं नव्हतं. नैवेद्य झाला. पुरुषांची पंगत बसली. गव्हाची खीर म्हणजे हुग्गी, भाकरी, भोपळ्याची भाजी, सार. पंगतीला वचनं म्हणायची म्हणून हणमंतप्पा एकतारी घेऊन खांबाजवळ बसला. तो शेवटी जेवणार होता.

पहिला घास सगळ्यांनी जवळजवळ एकदमच घेतला. त्यानंतर पंगत जी शांत झाली तशी ती जंगमाच्या मंत्रालाही होत नसे. भाजी कडूजहर होती. पण हणमंतप्पानं ती गोड म्हटली होती, धरित्रीची साक्ष होती, आणि वर तो प्रसाद होता. तेव्हा कडू लागतंय ते आपल्याच तोंडाला, असं प्रत्येकानं ठरवलं. चन्नबसप्पाला आपल्या तराजूची आठवण झाली. उद्धवरावांनी एक जुनं प्रकरण आठवून डोळे मिटले आणि प्रायश्चित्त म्हणून सगळी वाटणी संपवली. ज्याच्या मनात जेवढं होतं तेवढी भाजी त्यानं खाल्ली. पुढं कोण किती आजारी पडलं त्यावरून गावाला बरंच कळू शकलं असतं. श्रीपतरावांनी एक घास घेतला, वहीत ‘मातीची उग्र, अनलंकृत चव’ असं लिहिलं, आणि उरलेल्या भाजीवर पान दुमडलं. ते पाहुणे होते, त्यांना कुणी बोललं नाही.

मग बायकांची पंगत बसली. चंद्रम्मानं पहिला घास घेतला आणि तिला एका क्षणात सगळं समजलं. बी कुठलं, मांडव कुठला, पतंग कुठून कुठं जात होते, आप्पांनी हाकेचं अंतर कामून सांगितलं होतं. खांबाजवळ हणमंतप्पा डोळे मिटून गात होता.

शेजारी राजूबाई होती. ती हळूच म्हणाली, “अक्का, कडू लागायलीय का गं भाजी?”

“न्हाई.”

“मला तर लई कडू लागायलीय.”

“तुझं तोंड आलं असंल,” चंद्रम्मा म्हणाली. “खाऊ नको मग. माझ्या पानात टाक. मला लई आवडती.”

राजूबाईनं टाकली. पलीकडची म्हणाली, माझीही घे बाई. तिचीही घेतली. चंद्रम्माला भोपळ्याचं इतकं वेड आहे हे बायकांना नवीनच होतं. तीस वर्षं भोपळेवाल्याच्या घरात काढून अजून हौस फिटली नाही का म्हणून त्यांनी तिची चेष्टा केली. तीही हसली. पान तिनं चाटूनपुसून साफ केलं, धुतलं, पाणी प्याली.

पंगत उठल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात चार-पाच पळ्या भाजी उरली होती. ती हणमंतप्पाची. टाकता येत नव्हती, प्रसाद होता. कुणाला दाखवता येत नव्हती. आणि त्याच्या पानात पडली असती तर त्याला कडू लागलं नसतं. त्यानं पोटभर खाल्ली असती आणि आणखी मागितली असती. तिनं पातेलं घासायच्या जागी ओढून नेलं, तिथं बसून संपवलं, आणि घासून पालथं घातलं.

हणमंतप्पा जेवायला बसला तेव्हा पानात हुग्गी आणि भाकरी होती.

“भाजी?”

“संपली.”

“माझ्याच येलाची अन् मलाच न्हाई,” तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. भाजीचं नव्हे, मानाचं.

दुपार कलायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. गावातही दहा-बारा पुरुष परसाकडं धावू लागले होते. उद्धवराव पाटील दोन दिवस उठले नाहीत. पण बाकीच्यांच्या पोटात एकेक वाटणी होती. चंद्रम्माच्या उलटीत तिसऱ्या प्रहरापासून रक्त पडू लागलं. राजूबाईनं डोकं धरलं, कुणी हिंग लावला, कुणी लिंबू आणलं. वैद्य मुडबीला गेला होता. हणमंतप्पा उशाशी बसून काय झालं, काय खाल्लंस, असं विचारत होता, आणि ती काही सांगत नव्हती. राजूबाई पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा ती म्हणाली, “त्या येलाचं बी ठिवू नका.”

हणमंतप्पानं कान तिच्या तोंडाजवळ नेला.

“कडू हाय,” ती म्हणाली. “सगळं.”

दिवस मावळायच्या आत ती गेली.

तिसऱ्या दिवशी माती सावडून झाल्यावर हणमंतप्पा रानात गेला. मांडवावरचा एक भोपळा तोडला, देठ जिभेला लावला. काही नाही. पाणी लावल्यासारखं. मग त्यानं भोपळा फोडून बांधावरच्या शेळीपुढं धरला. शेळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तो आणखी थोडा वेळ तिच्यापुढं धरून उभा राहिला. शेळी चालू लागली.

गावाला सांगायचं का, हा प्रश्न त्यानं फार दिवस मनात घोळवला. सांगितलं असतं तर आपली जीभ मेलेली आहे हे कळलं असतं, आणि चंद्रम्मानं त्याच्या वाटणीची भाजीही कशासाठी संपवली हेही. मग ती उगीच गेली असं झालं असतं. न सांगितलं तर ती पटकीनं गेली असं होतं. कारण तोवर गावात पटकी आल्याचं ठरलंच होतं. विहिरींत लाल औषध पडलं. पटवाऱ्यानं दफ्तरात उर्दूत ‘हैजा’ असं लिहिलं. दहा-बारा आजारी, एक मयत. त्यात खाडाखोड नाही.

श्रीपतराव दुखवट्याला येऊ शकले नाहीत. पटकीच्या गावी जाऊ नये असा त्यांच्या खात्याचाच हुकूम होता. त्यांनी दुसरा लेख लिहिला. सहचारिणीच्या वियोगानं हणमंतप्पाच्या एकतारीत जो गंभीर सूर उतरला आहे तो निसर्गानंच दुःखातून घडवला आहे, असं त्यात होतं. तो सूर त्यांनी ऐकला नव्हता.

हणमंतप्पानं पुन्हा गोड वेल लावला नाही. ओढ्याच्या अलीकडंही नाही, पलीकडंही नाही. लोक चीक चाखायला बोलावत तेव्हा तो जाई, डोळे मिटी, थुंके, आणि कुठलाही भोपळा असो, कडू म्हणून सांगे. बाया चांगले गोड भोपळे फेकून देत आणि गडी त्यांच्याच, पुढं किडणाऱ्या एकताऱ्या करून घेत. हळूहळू बोलावणं कमी झालं. माणूस बायकोमागं खचला, असं लोक म्हणत. राजूबाई कधीमधी भाकरी आणून देई. मीठ बरोबर आहे का असं ती विचारी, आणि तो व्हय म्हणे.

त्या वेलावर राहिलेले एकोणीस भोपळे त्यानं तोडले नाहीत. वेलावरच जून होऊ दिले, रोज थोडे फिरवले, आश्विनात उतरवले आणि माळवदावर वाळवले. बी तेवढं जाळलं. एकोणीस एकताऱ्या झाल्या. त्यातली एक मठात आहे. पोलीस ॲक्शनच्या साली हणमंतप्पा वारला तेव्हा भजनासाठी ती काढली, आणि जुनी आहे म्हणून आधी उघडून पाहिली. कीड लागलेली नव्हती.